संपर्क तुटला

माझं काम फोन करण्याचं आहे. हुद्दा संशोधन समन्वयक असा आहे, पण दिवसाचा बराच वेळ कानाला हेडफोन आणि समोर एक्सेल शीट असाच जातो. गरोदरपणात ज्यांना मधुमेह निघाला त्या बायकांना बाळंतपणानंतर पुन्हा तपासणीला बोलवायचं, आल्या तर त्यांची माहिती नोंदवायची, नाही आल्या तर का नाही आल्या ते विचारायचं. एका बाईला तीन फोन, तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा उचलला नाही तर शेवटच्या रकान्यात दोन शब्द लिहायचे : संपर्क तुटला.

हा रकाना मी चार वर्षं भरत होते. नंतर एका वेगळ्या रुग्णालयाच्या, वेगळ्या कुणाच्या तरी शीटमध्ये माझंच नाव त्याच रकान्यात गेलं. ते कसं झालं हे लिहायचं खूप दिवस मनात होतं.

मला सव्विसाव्या आठवड्यात निदान झालं. ही चाचणी मी शेकडो जणींना समजावून सांगितली असेल. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी एकदा रक्त द्यायचं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज घातलेलं पाणी पाच मिनिटांत संपवायचं, एक तासाने रक्त, दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात उठायचं नाही, फिरायचं नाही. उपाशीपोटी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम या रेषा. तिन्हींपैकी एक जरी गाठली तरी गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. माझं तासाचं आणि दोन तासांचं रक्त व्यवस्थित होतं. उपाशीपोटीचं ९७ आलं.

कामावर कळल्यावर पहिली प्रतिक्रिया आली ती अशी : "अगं, तुला तर सगळं माहितीये, तुला कसं झालं?" विचारणारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य मला लागलं, कारण फोनवरच्या बायका मला हेच वेगळ्या शब्दांत सांगायच्या. माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असणार. मी बसून राहिले म्हणून. मी तोंड आवरलं नाही म्हणून.

खरं तर यात वारेचा, म्हणजे प्लासेंटाचा, फार मोठा वाटा असतो. बाळाला साखरेचा पुरवठा अखंड मिळावा म्हणून वार असे संप्रेरक सोडते की आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी कमी होत जातो. दिवस भरत येतात तसा हा विरोध वाढतो, आणि तो पेलायला आईच्या स्वादुपिंडाला नेहमीपेक्षा दुपटीहून अधिक इन्सुलिन बनवावं लागू शकतं. बहुतेकींचं स्वादुपिंड ते पेलतं. काहींचं थोडं कमी पडतं. कुणाचं कमी पडेल हे घराण्यातल्या मधुमेहावर, वयावर, आधीच्या वजनावर, अशा अनेक गोष्टींवर ठरतं, आणि त्यातल्या निम्म्या तरी त्या बाईच्या हातात नसतात. मी हे फोनवर पाठ म्हटल्यासारखं सांगायचे. स्वतःचा कागद हातात घेतल्यावर मात्र तीन रात्री मी काय खाल्लं आणि किती चालले याचाच हिशेब मांडत बसले.

ही ९२ आणि १५३ ची रेषा कुठून आली, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठ संख्याशास्त्रज्ञ बाईंनी समजावलं होतं. तेव्हा ती मला फक्त इतिहासाची गोष्ट वाटली. आता तसं वाटत नाही.

१९६४ साली बॉस्टनमध्ये जॉन ओसलिव्हन आणि क्लेअर मॅहन यांनी ७५२ गरोदर बायकांची ग्लुकोज चाचणी केली. तेव्हाची चाचणी १०० ग्रॅमची आणि तीन तासांची होती. सरासरीच्या बऱ्याच वर, दोन प्रमाण विचलनांच्या अंतरावर त्यांनी रेषा आखली, आणि मग ती रेषा आधी तपासणी झालेल्या दुसऱ्या बायकांच्या गटाला लावून पाहिली. त्यांना शोधायचं होतं ते हे, की गरोदरपणात या रेषेपलीकडे गेलेल्या बायकांपैकी पुढच्या काही वर्षांत किती जणींना कायमचा मधुमेह होतो. म्हणजे या निदानाची सुरुवातच आईच्या पुढच्या आयुष्याच्या काळजीतून झाली.

पुढे बाळाचा प्रश्न समोर आला, आणि तो यायलाच हवा होता. २००८ साली हापो नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ देशांतली १५ केंद्रं, २५,००० हून अधिक गरोदर बायका. त्यात दिसलं की आईची साखर जसजशी वाढते तसतसं बाळ जास्त वजनाचं होण्याचं, बाळाच्या रक्तात इन्सुलिन जास्त असण्याचं प्रमाण वाढत जातं, आणि ते सरळ चढत जातं. इथवर ठीक आणि इथून पुढे धोका, अशी एकही पायरी सापडली नाही. पण दवाखान्यात रेषा लागतेच, नाहीतर कुणाला उपचार द्यायचे ते कसं ठरवणार? म्हणून २०१० साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने बसून ठरवलं, की सरासरी साखरेच्या तुलनेत बाळाबाबतच्या या गोष्टींची शक्यता पावणेदोन पट होते तिथे रेषा मारायची. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीच स्वीकारली. काही देशांत, काही संघटनांत आजही वेगळी रेषा चालते. म्हणजे तेच रक्त घेऊन बाई एका ठिकाणी मधुमेही आणि दुसऱ्या ठिकाणी निरोगी ठरू शकते.

या रेषेशी माझं भांडण नाही. उपचारांचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीने २००५ सालीच दाखवलं. एक हजार बायका, निम्म्या उपचारांच्या गटात आणि निम्म्या नेहमीच्या देखरेखीत. बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू असे प्रसंग उपचारांच्या गटात एक टक्का आणि दुसऱ्या गटात चार टक्के होते. याच अभ्यासातली आणखी एक नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी प्रश्नावलीवर नैराश्याकडे बोट दाखवणारे गुण उपचारांच्या गटात आठ टक्के बायकांचे होते, तर दुसऱ्या गटात सतरा टक्के. निदान सांगितल्याने बाई खचेल अशी भीती आपल्याला असते. ज्यांना निदान सांगून वर सल्ला, देखरेख, औषध सगळं दिलं, त्या कमी खचल्या होत्या.

अडचण त्यानंतरची आहे. वार बाहेर पडली की साखर बहुतेकींची फार लवकर खाली येते. इन्सुलिन बंद होतं, बोटं टोचणं बंद होतं. "बाळ झालं, शुगर गेली," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की फोन उचलल्यावर पहिल्या श्वासावरून मला कळतं ते येणार आहे. चुकीचं नाही ते. पण गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका, तो न झालेल्या बायकांच्या तुलनेत जवळपास दहा पट असतो. २०२० साली वीस अभ्यास आणि तेरा लाखांहून अधिक बायकांची माहिती एकत्र करून आलेला हा आकडा आहे. म्हणून बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी, साधारण सहा ते बाराच्या दरम्यान, ती ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची आणि मग दर एक ते तीन वर्षांनी रक्त तपासत राहायचं. "एका टोचणीत होत नाही का?" असं बायका विचारतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी चाचणी आहे ती बाळंतपणानंतर लगेच भरवशाची नसते, कारण रक्त गेलेलं असतं आणि तांबड्या पेशी नव्याने बनत असतात. म्हणून पुन्हा तेच. उपाशीपोटी या, ग्लुकोज प्या, दोन तास बसा.

अनेक देशांतल्या नोंदींमध्ये निम्म्याहून कमी बायका या तपासणीला पोचतात. आमच्या बैठकांमध्ये याला "अनास्था" म्हणायची पद्धत होती. मीही म्हणायचे.

मी रजा संपवून कामावर परतले तेव्हा बाळ साडेपाच महिन्यांचं होतं. गटात आम्ही चौघी होतो, त्यातल्या दोघी सोडून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागा भरल्या नव्हत्या. त्यांचे फोन माझ्या आणि उरलेल्या सहकारी मुलीच्या वाट्याला आले होते. रात्री तीनदा उठायचं, सकाळी नऊला शीट उघडायची. पहिले दोन महिने मला वाटलं की हे फक्त जागरण आहे. मग एका दुपारी जे घडलं त्यानंतर तसं म्हणता येईना.

एका बाईंनी दुसऱ्याच फोनला उचललं. मी नेहमीची सुरुवात केली, त्या ऐकून घेत होत्या. बाळ कसं आहे विचारलं तर म्हणाल्या, "बाळ राहिलं नाही हो ताई." मी योग्य त्या चौकटीत खूण केली. आणि पुढचा प्रश्न विचारला. अंगावरचं दूध किती महिने दिलं.

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "सांगितलं ना आत्ता."

मी माफी मागितली, फोन ठेवला आणि पुढच्या ओळीवर गेले. रडू आलं नाही, लाजही वाटली नाही, काहीच वाटलं नाही. संध्याकाळी घरी बाळाला कडेवर घेतल्यावर ते "सांगितलं ना आत्ता" कानात आलं आणि मी दारातच खाली बसले. चार वर्षांपूर्वीची मी त्या बाईंशी अर्धा तास बोलले असते. ती मी कुठे गेले हे मला कळेना.

याला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, आरोग्य संशोधनातच काम करते मी. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांकडे आणि स्वतःकडे पाहून बर्नआउट हा शब्द वापरला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याचे तीन पदर मांडले आणि १९८१ साली सुझन जॅक्सन यांच्यासोबत त्याची प्रश्नावली बनवली. एक, आतून रितं होणं. दोन, ज्यांच्यासाठी काम करतो ती माणसं माणसं न वाटणं. तीन, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. पहिल्या आणि तिसऱ्याची मला सवय होती, कोणत्याही नोकरदार आईला असते. दुसरा पदर मी फक्त वाचला होता.

आणि इथे पुन्हा तीच रेषेची गोष्ट येते. २०१८ साली डॉक्टरांमधल्या बर्नआउटच्या १८२ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. त्यात बर्नआउटच्या किमान १४२ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या, आणि प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत. रेषा हलवली की आजारी माणसांची संख्या हलते. गरोदर बाईच्या साखरेसारखाच हाही चढ आहे, पायरी नव्हे. पण साखरेच्या बाबतीत निदान माणसं एकत्र बसली, वाद घातले आणि एक जागा ठरवली. थकलेल्या माणसासाठी अशी सर्वमान्य जागा अजून नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली, पण तो आजार नाही, कामाच्या ठिकाणाशी संबंधित घटना आहे असं स्पष्ट केलं. व्याख्येतले शब्द असे आहेत, की कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण, ज्याचं व्यवस्थापन यशस्वीपणे झालेलं नाही. कुणी करायचं ते व्यवस्थापन, हे त्या वाक्यात नाही.

आमच्याकडे ते माझ्यावर सोपवलं गेलं. मी वरिष्ठांना सांगितलं तेव्हा त्यांनी मनापासून ऐकलं, आणि पुढच्या महिन्यात ताणमुक्तीचं एक सत्र ठेवलं. कामाची वेळ संपल्यावर, दीड तासाचं. श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. रिकाम्या दोन जागा तशाच राहिल्या. त्या शिकवणाऱ्या बाईंना मी दोष देत नाही. पण तिथे डोळे मिटून बसल्यावर मला तो सव्विसावा आठवडा आठवला. तिथेही सगळ्यांनी पाहिलं होतं ते माझ्या ताटाकडे आणि माझ्या पायांकडे. माझ्यावर किती भार आला आहे हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं, आताही विचारत नव्हतं.

माझी साखर थकव्यामुळे वाढली असं मी म्हणणार नाही. माझ्या एकटीच्या रक्तावरून तसं काही सिद्ध होत नाही, आणि असे सोपे धागे जोडू नयेत असं मी स्वतः नव्या मुलींना शिकवते. पण धागा अगदीच हवेतला नाही. १९९९ साली शिकागोमध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद मोजता येईल इतकी घटली. २००६ साली इस्रायलमधल्या ६७७ नोकरदारांच्या अभ्यासात, बर्नआउट असलेल्यांना पुढच्या काही वर्षांत टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता सुमारे १.८ पट दिसली. हा एकच अभ्यास, तोही लहान. तरी जिला आधीच दहापट धोका आहे, ती रात्री तीनदा उठून सकाळी दोघींचं काम करायला निघते तेव्हा मला तो आकडा आठवतो.

आता माझ्या तपासणीचं. मी ती केली नव्हती. सहाव्या आठवड्यात टाके दुखत होते, दहाव्यात बाळाला ताप आला, बाराव्यात मी म्हटलं की पुढच्या आठवड्यात. कामावर आल्यावर तर विचारच आला नाही. फोनमध्ये एका अनोळखी नंबरचे तीन मिस्ड कॉल होते. सकाळी सव्वाअकरा, दुपारी अडीच, दुपारी सव्वाबारा. तिन्ही वेळी मी दुसऱ्या बायकांना फोन करत होते.

चौथा फोन आला तो संध्याकाळी साडेसातला, बाळ तेरा महिन्यांचं झालं होतं तेव्हा. चौथा फोन करायचा नसतो. आमच्या नियमात तर नाहीच. त्या सिस्टर म्हणाल्या, "तुमचं नाव यादीत राहिलंय म्हणून लावून बघितला." मी कारणं सांगायला सुरुवात केली, अगदी तीच, जी मी रोज ऐकते. त्यांनी ती पूर्ण होऊ दिली नाहीत. म्हणाल्या, "ते राहू दे. मला एवढंच सांगा, उपाशीपोटी अडीच तास तुम्हाला कधी मिळतील, आणि तेवढा वेळ बाळाला कोण बघेल?"

हा प्रश्न चार वर्षांत मी एकाही बाईला विचारला नव्हता. मी विचारायचे, "तुम्ही का आला नाहीत?"

महिन्याभराने मी गेले. बाळ आईकडे ठेवलं. उपाशीपोटी १०६, दोन तासांनी १५१. मधुमेह नाही, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आता मेटफॉर्मिन आणि चालणं सुरू आहे. अमेरिकेतल्या मोठ्या प्रतिबंधक चाचणीत, पूर्वी गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांमध्ये या औषधाने आणि जीवनशैली बदलण्याच्या नेटाच्या कार्यक्रमानेही, दोन्हींनी, मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने कमी झालं होतं. म्हणजे गाठता आलं तर करण्यासारखं बरंच आहे. गाठणं हाच खरा उपचाराचा पहिला भाग आहे, आणि तो आम्ही कार्यालयाच्या वेळेत बसवला होता.

मी जुन्या शीट उघडून फोनच्या वेळा काढल्या. संपर्क तुटला म्हणून नोंदलेल्या ओळी एकामागून एक पाहत गेले. जवळपास सगळे फोन अकरा ते चारमधले. साहजिकच, आम्ही तेव्हाच कामावर असतो. वेळ वेगळी हवी हा नियम आम्ही अक्षरशः पाळला होता, साडेअकरा आणि तीन या वेगळ्याच वेळा आहेत. बैठकीत मी ते मांडलं. नियम मध्येच बदलला तर आधीची आणि नंतरची माहिती जुळणार नाही, हा आक्षेप आला आणि तो बरोबर होता. प्रश्नांचे शब्द बदलायचे तर नैतिकता समितीची परवानगी लागते, त्यात महिने गेले. शेवटी दोन गोष्टी मान्य झाल्या. तीनपैकी एक फोन संध्याकाळी करायचा, आणि संध्याकाळी जी फोन करेल तिने दुसऱ्या दिवशी उशिरा यायचं. हे दुसरं मी आग्रहाने लिहून घेतलं, कारण नाहीतर एका थकलेल्या बाईला गाठायला आम्ही दुसरी थकवली असती. रिकाम्या जागांपैकी एक भरली आहे. दुसरीसाठी मी दर महिन्याला पत्र देते.

त्या ज्या बाईंचं बाळ गेलं, त्यांना मला पुन्हा फोन करता येणार नाही. त्यांनी अभ्यासातून नाव काढून घ्यायला सांगितलं होतं, आणि तो त्यांचा अधिकार आहे. नव्या प्रश्नावलीत बाळाविषयीचं उत्तर तसं आलं तर पुढचे सहा प्रश्न आपोआप गाळले जातात आणि पडद्यावर फक्त एवढंच दिसतं : थांबा, बोला. ती ओळ मी लिहिली आहे.

काल संध्याकाळची पाळी माझी होती. सात चाळीसला एकीने उचलला. मागे कुकरची शिट्टी, एक मूल काहीतरी मागत होतं. मी नाव सांगितलं, कुठून बोलतेय ते सांगितलं, आणि विचारलं की उपाशीपोटी अडीच तास कधी मिळतील.

"अडीच तास?" त्या थांबल्या. मग फोन हाताने झाकून कुणाशी तरी बोलल्या. परत आल्या. "गुरुवारी जमेल. पण लेकराला सोबत आणलं तर चालेल का?"

चालेल म्हटलं, आणि गुरुवारसमोर दोघांची नावं लिहिली.